लावणीवरची छाप : शाहीर पठ्ठे बापूराव

मराठी मुलखात तमाशाचा विषय निघाला की पठ्ठे बापूरावांचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. शाहीर, वगकार आणि फडाचे मालक म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांचे चरित्र आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. फडावर उभी राहणारी लावणी एकट्याची कधीच नसते. एक रचतो, दुसरा चाल बांधतो, तिसरी गाते आणि नाचते, चौथा ढोलकीवर थाप मारतो. मग ती लावणी कोणाची? तिच्यावर नाव कोणाचे आणि तिच्या पैशात वाटा कोणाचा? बापूरावांच्या आयुष्यात हा प्रश्न पावलोपावली भेटतो.

बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी झाला. हा भाग आज सांगली जिल्ह्यात येतो. घरी कुलकर्णी वतन होते. लेखणी, दफ्तर आणि गावकीचा मान हे सारे जन्माबरोबरच मिळाले होते. पण श्रीधरचे मन दफ्तरात रमले नाही. जात्यावरच्या ओव्या आणि फडावरच्या लावण्या यांनी त्याला ओढून नेले. तमासगिरांच्या पंगतीला बसणारा ब्राह्मण त्या काळी समाजाला कसा चालावा? स्वकीयांनी त्यांना दूर लोटले. त्यांनी मात्र ढोलकी सोडली नाही. श्रीधर कुलकर्णीचा पठ्ठे बापूराव झाला आणि पुढे स्वतःचा फड उभा राहिला.

गण, गवळण, लावणी आणि वग या सर्व अंगांत त्यांची रचना चालली. त्यांचा मिठाराणीचा वग कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांपुढे सादर झाला. मुंबईच्या थिएटरांत गिरणी कामगारांनी त्यांचे खेळ डोक्यावर घेतले. आपण दोन लाख लावण्या रचल्या असे ते सांगत. त्यांतल्या छापील स्वरूपात आपल्या हाती आल्या त्या फारच थोड्या. बाकीच्या फडाबरोबर फिरल्या आणि गाणाऱ्यांच्या कंठाबरोबर विरून गेल्या.

ज्या उरल्या त्या त्यांच्याच आहेत हे आपण कशावरून ओळखतो? त्याचे उत्तर लावणीच्या शेवटच्या कडव्यात असते. तेथे शाहीर आपले नाव गुंफतो. अभ्यासाच्या पुस्तकांत तिला नाममुद्रा म्हणतात, गाणारी माणसे तिला छाप म्हणतात. संतांच्या अभंगांतही हीच रीत आहे. ज्या काळी कागद नव्हता, करार नव्हता, त्या काळी यमकात बसवलेले नाव हाच कवीचा सातबारा होता. बापूरावांनी आपली छाप इतकी घट्ट बसवली की ती काढली तर कडवेच कोसळावे.

परंतु या सातबाऱ्यावर दुसऱ्या कोणाचे नाव लागत नसे. येथे पवळाबाईंची आठवण होते. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथे १८७० साली एका गरीब महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडिलांनी त्यांना खंडोबाला वाहिले होते. स्त्रीचे काम नाच्या पोऱ्या करी त्या काळात त्या फडावर उभ्या राहिल्या. नामचंद पवळा या नावाने त्यांची ख्याती झाली आणि त्यांना पाहायला, ऐकायला लोक गाड्या जुंपून येऊ लागले. बापूरावांचे शब्द आणि पवळाबाईंचा गळा व अदा एकत्र आल्यावर त्या फडाला तोड उरली नाही. लावणीतली जागा कोठे घ्यावी, शब्द कोठे लांबवावा, कोठे नजर टाकावी, हे पवळाबाईंनी ठरवले असणार. तेही रचनेचेच काम नव्हे काय? पण छाप कवीची आणि फड मालकाचा. पवळाबाईंची निर्मिती त्या क्षणी जन्मली आणि टाळ्यांबरोबर संपली. ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, झीलकरी यांची नावे तर तेवढीही उरली नाहीत.

पुढे दोघांचे बिनसले आणि ती जोडी फुटली. फडाची रया गेली. पवळाबाई १९३९ साली वारल्या. बापूरावांचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रभर ज्याची लावणी गायिली जात होती तो शाहीर दारिद्र्यात गेला. छापेने नाव राखले, भाकरी मात्र राखली नाही.

त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली जाते. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. आपल्या समाजाच्या लेकींना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. ही हकिगत समजल्यावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो. बापूरावांचे मन मोठे होते यात शंका नाही. पण त्या पैशात पवळाबाईंचा वाटा किती, हा प्रश्न त्या नकारामागे उभा आहे. डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर लिहिलेल्या २०२२ मधील इंग्रजी ग्रंथात पवळाबाईंना पुन्हा मानाची जागा मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे.

कायदा काय म्हणतो? बापूरावांच्या हयातीत १९१४ चा कायदा होता आणि तो रचनाकाराला ओळखत होता. पण फडापर्यंत तो पोहोचला नाही. नंतर १९५७ चा कायदा आला. त्यात गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्यांचा हक्क येण्यास १९९४ ची दुरुस्ती व्हावी लागली, म्हणजे पवळाबाईंच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपट व ध्वनिमुद्रणातील गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा कंपनीला लिहून घेता येऊ नये अशी सोय केली. बापूरावांच्या रचनांवरील हक्काची साठ वर्षांची मुदत २००५ अखेर संपली. आता त्यांची लावणी कोणीही गावी. पण हक्क संपला म्हणून नाव पुसावे असा त्याचा अर्थ होत नाही.

हे सर्व मला जवळचे का वाटते ते सांगतो. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो, किनवट भागात भीमजयंतीला गात असत. दिवसा मजुरी आणि रात्री गाणे. माझ्या जन्माच्या आधी त्यांचे एक गाणे कॅसेटवर आले. वेष्टनावर गायकाचा फोटो होता, मोठ्या बाबांचे नाव कोठेच नव्हते. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या कडव्यातली त्यांची छाप काढून तेथे गायकाचे नाव बसवले होते. मात्रा बरोबर जुळत होत्या. आज ते गाणे मोबाईलवर वाजते तेव्हा मोठे बाबा ते ऐकतात, आणि शेवटचे कडवे आले की आपल्या नावानिशी म्हणतात. कागद नसल्यामुळे सांगायचे कोणाला? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या तालुक्यात गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू आणि मराठी गाण्यांची खाण आहे. मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी आपण ती गाणी उतरवून आणतो आणि खाली आपले नाव व हजेरी क्रमांक घालतो. यंदापासून प्रत्येक गाण्याखाली चार ओळी अधिक लिहाव्यात, अशी माझी गुरुजनांना विनंती आहे : शब्द कोणाचे, चाल कोणाची, गायिले कोणी, वाजवले कोणी. गाव आणि तारीखही घालावी. जे नाव सापडणार नाही तेथे जागा मोकळी ठेवावी, आपले नाव तेथे भरू नये. मी माझ्या वहीत पहिले गाणे मोठ्या बाबांचे उतरवले आहे. शेवटच्या कडव्यात त्यांचेच नाव आहे, आणि त्याच्याखाली त्या वेळी ढोलकी वाजवणाऱ्या शेजारच्या काकांचेही.