डॉ. कमला सोहोनी

१९३३ साली कमला भागवत ही तरुणी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिली आली. तिचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचे शिक्षण बंगलोरच्या विज्ञान संस्थेत झालेले. आपणही तेथेच संशोधन करावे, या इच्छेने कमलाबाईंनी अर्ज पाठवला.

संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी तो अर्ज नाकारला. गुणांत काही उणीव नव्हती. अर्ज मुलीचा होता, एवढेच कारण!

कमलाबाई खचल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या व प्रवेशासाठी त्यांनी गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह आरंभला. अखेर रामन यांनी होकार दिला. पण एक वर्ष काम पाहावे आणि मगच प्रवेश कायम करावा, अशी अट घातली. हा अपमान कमलाबाईंच्या मनाला फार लागला. परंतु त्याचे उत्तर त्यांनी कामातून दिले. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंचा प्रवेश कायम झाला आणि त्यांच्यामागून इतर मुलींनाही त्या संस्थेचे दार उघडले.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेल्या. सजीवांचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशीला वाढण्यास, हालचाल करण्यास शक्ती लागते. अन्नातून ही शक्ती मिळवण्याच्या कामी सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन साहाय्य करते. बटाट्यावर संशोधन करून कमलाबाईंनी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, असे दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता; पण त्याबद्दल १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते.

स्वदेशी परतून त्यांनी दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे काम केले. १९४७ साली विवाह होऊन त्या सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबांच्या आहारातील पदार्थ तपासले. ताडाच्या ताज्या रसात, म्हणजे नीरेत, पोषक द्रव्ये असतात, हे त्यांनी सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले. पुढे त्याच संस्थेच्या त्या संचालिका झाल्या.

१९९८ साली कमलाबाई निवर्तल्या. एका संचालकाने जिला दारातून परत पाठवले, तीच पुढे एका विज्ञान संस्थेची संचालिका झाली, हे विद्यार्थ्यांनी नित्य ध्यानी ठेवावे.