विश्लेषण : अमेरिकेचा शोध युरोपात, ब्रिटनचा अमेरिकेत... काडतुसाचा इतिहास बदलणारे हायरम बर्डन कोण होते?

रायफलची गोळी सुटते, तेव्हा मागे एक रिकामी पितळी पुंगळी उरते. ती फेकून द्यायची की पुन्हा भरायची? वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नाने दीडशे वर्षांपूर्वी जगातील काडतुसांची दोन घराण्यांत विभागणी केली. त्यातील एका घराण्याला अमेरिकी संशोधक हायरम बर्डन यांचे नाव आहे. मात्र त्यांच्याच देशातील नेमबाज आज ते काडतूस टाळतात. असे का झाले?

बर्डन कोण होते?

हायरम बर्डन यांचा जन्म १८२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील फेल्प्स येथे झाला. पेशाने ते यंत्र अभियंता. सोन्याचे खनिज दळणारे यंत्र, यंत्रावर चालणारी बेकरी असे त्यांचे सुरुवातीचे शोध. त्यातून पैसा मिळाला आणि नावही. पण त्यांची खरी प्रसिद्धी रायफल नेमबाज म्हणून होती. यादवी युद्धापूर्वीच्या काळात त्यांची गणना अमेरिकेतील अव्वल नेमबाजांत होत असे.

यादवी युद्धात त्यांनी काय केले?

१८६१ मध्ये युद्ध पेटताच बर्डन यांनी निवडक नेमबाजांची पलटण उभारण्याचा प्रस्ताव मांडला. भरतीची अट कडक होती. २०० यार्डांवरून दहा इंची वर्तुळात सलग दहा गोळ्या बसवून दाखवायच्या. हिरव्या गणवेशातील ही माणसे ‘बर्डनचे शार्पशूटर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तोंडाकडून ठासायच्या बंदुकीऐवजी मागून भरता येणारी शार्प्स रायफल मिळावी, असा त्यांचा हट्ट होता. शस्त्रखात्याने विरोध केला, पण अध्यक्ष लिंकन यांचा पाठिंबा कामी आला.

गेटिसबर्गच्या लढाईत या पलटणीने मोठी कामगिरी बजावली. बर्डन यांची स्वतःची प्रतिमा मात्र संमिश्र राहिली. संघटक म्हणून ते उत्तम, पण रणांगणावरील नेतृत्व आणि प्रसिद्धीची हौस यांवरून हाताखालचे अनेक अधिकारी नाराज होते. जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते पुन्हा यंत्रांकडे वळले.

काडतुसात अडचण काय होती?

१८५७ च्या उठावातील एन्फील्डचे काडतूस भारतीयांना ठाऊक आहे. ते कागदाचे होते, दातांनी फाडावे लागे. त्यानंतरच्या दशकात जगभर धातूचे काडतूस आले. त्यात गोळी, दारू आणि ठिणगी देणारा प्रायमर हे तिन्ही एकाच पुंगळीत बसतात.

पण पुंगळीला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. बार उडताच तिने फुगून रायफलच्या चेंबरला घट्ट चिकटायचे, म्हणजे तप्त वायू मागे येत नाही. लगेच किंचित आकसून मोकळेही व्हायचे, म्हणजे ती ओढून काढता येते. तांबे मऊ असल्याने फुगते, पण पुरेसे आकसत नाही. चेंबरमध्ये गंज किंवा काजळी असेल तर पुंगळी अडकून बसते. पितळ लवचीक असल्याने ही दोन्ही कामे करते.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर दिसले. जनरल कस्टर यांची तुकडी तेथे मारली गेली. स्प्रिंगफील्ड बंदुकांत तांब्याच्या पुंगळ्या अडकल्याच्या तक्रारी नंतर झाल्या. पराभवात त्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण पुढे अमेरिकी लष्करही पितळेकडे वळले.

बर्डन यांचा शोध काय होता?

मार्च १८६६ मध्ये बर्डन यांनी प्रायमरचे पेटंट घेतले. १८६८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. प्रायमर म्हणजे स्फोटक मिश्रणाची छोटी टोपी. बंदुकीचा खटका तिच्यावर आपटतो, तेव्हा ते मिश्रण चिरडण्यासाठी आतून काहीतरी टणक लागते. त्याला ऐरण म्हणतात. बर्डन यांनी ही ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली. तिच्या बाजूला बारीक छिद्रे, बहुधा दोन. त्यांतून ठिणगी दारूपर्यंत पोहोचते. प्रायमर साधा आणि स्वस्त झाला.

१८६६ मध्येच इंग्लंडमध्ये वुलिचच्या शाही प्रयोगशाळेतील अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ऐरण प्रायमरच्या टोपीतच बसवली आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र ठेवले.

मग देशांची अदलाबदल कशी झाली?

उत्तर पुंगळी पुन्हा भरण्यात आहे. वापरलेली पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापात आणतात. जुना प्रायमर काढून नवा बसवतात. मग दारू आणि गोळी भरतात. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या तोंडातून सरळ सळई घातली की ती मधल्या छिद्रातून जाऊन जुना प्रायमर बाहेर ढकलते. बर्डन पद्धतीत तीच सळई ऐरणीवर आपटते. तेथे प्रायमर बाहेरून उचकटावा लागतो, आणि त्यात ऐरणीला धक्का लागला तर पुंगळी वाया जाते.

अमेरिकेत दुकानापासून दूर राहणारे शिकारी पुंगळ्या जपून ठेवत आणि स्वतः भरत. त्यांना बॉक्सर पद्धत सोयीची होती. युरोपातील लष्करांना लाखोंच्या संख्येने स्वस्त काडतुसे हवी होती. रणांगणावर पुंगळ्या वेचणार कोण? त्यांनी बर्डन पद्धत उचलली. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. तेथे ब्रिटिश काळात बनलेली ‘थ्री नॉट थ्री’ची काडतुसेही बर्डन पद्धतीचीच.

बर्डन यांना श्रेय मिळाले का?

रशियात मिळाले. झारच्या सैन्याने त्यांची रायफल स्वीकारली. पहिल्या ३० हजार रायफली अमेरिकेतील कोल्ट कारखान्यात बनल्या. १८७० च्या सुधारित रायफलचे उत्पादन पुढे रशियातच सुरू झाले. रशियन भाषेत ती ‘बर्दांका’ झाली, आणि शिकाऱ्यांच्या हाती कित्येक पिढ्या राहिली.

मायदेशात मात्र संघर्ष वाट्याला आला. रिकामी पुंगळी बाहेर काढणाऱ्या यंत्रणेची आपली कल्पना सरकारने स्प्रिंगफील्ड बंदुकीत वापरली, पण मोबदला दिला नाही, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या कंपनीने सरकारला न्यायालयात खेचले. खटला सुरू असतानाच ३१ मार्च १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्डन यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सुमारे ९५ हजार डॉलर मंजूर झाले. तो निकाल ऐकायला बर्डन नव्हते.

आज त्यांचा वारसा कुठे आहे?

अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांची कबर आहे. जगभरातील अनेक लष्करी काडतुसांत आजही त्यांची पद्धत वापरली जाते. अमेरिकेतील हौशी नेमबाज मात्र पुंगळी उचलतात आणि प्रकाशात धरून आत डोकावतात. मधोमध एक छिद्र दिसले तर ती पिशवीत जाते. दोन दिसली, तर बहुतेक वेळा भंगारात.