खाशाबा आणि तो एक गुण

२०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. तेव्हा आमच्या कॉलेजात दोन दिवस इंजिनिअरिंग बंदच होतं म्हटलं तरी चालेल! पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या गादीवरच्या कुस्तीत पंचांनी चितपट दिली, आणि खरंच दोन्ही खांदे टेकले होते का यावरून वाद पेटला. इकडे बुलढाणा जिल्ह्यात, त्या मैदानापासून इतक्या लांब, कॅन्टीनमधले पोट्टे मोबाईलवर तीच क्लिप थांबवून थांबवून बघत होते. एक म्हणे डावा खांदा वर आहे, दुसरा म्हणे कॅमेऱ्याचा अँगल चुकीचा आहे. मेकॅनिकलवाल्यांनी तर टिश्यू पेपरवर खांद्याचा फ्री बॉडी डायग्राम काढला. निकाल अर्थात लागला नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या लायब्ररीत मोहम्मद अलीवर तीन पुस्तकं होती आणि भावामुळे घरात बॉक्सिंगही चालायचं. त्यामुळे पंचांच्या गुणांवरून भांडणं मला नवीन नाहीत. १९९९च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलीफिल्ड यांची जागतिक हेवीवेट लढत झाली. बारा राऊंड, तीन पंच. एकाने लुईसला पुढे धरलं, दुसरीने होलीफिल्डला, तिसऱ्याने बरोबरी दिली, आणि लढत ड्रॉ! बघणाऱ्या बहुतेकांना लुईस सरळसरळ जिंकलेला दिसत होता. आठ महिन्यांनी पुन्हा लढत ठेवावी लागली आणि ती लुईसने जिंकली. बॉक्सिंगचे चाहते आजही त्या पहिल्या लढतीवर भांडतात. पण अशीच, किंबहुना जास्त मोठी गोष्ट आपल्या मराठी माणसाच्या बाबतीत घडली होती, ते मला आजोबांकडून कळलं. आजोबा चिखली तालुक्यातले, तरुणपणी यात्रेतली एकही दंगल न सोडणारे. आमच्या शाळेच्या पुस्तकांत मात्र खाशाबा जाधव हे नाव कुठेच नव्हतं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत हे सगळ्यात धाकटे आणि अंगाने लहानखुरे. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डोंगराएवढा माणूस येतो, पण खाशाबांचं वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास. म्हणूनच पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो असं नाव पडलं. (डायनॅमो म्हणजे काय हे आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको!) ताकदीपेक्षा चपळाई आणि डावांवरची पकड ही त्यांची खरी कमाई. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये झालं. म्हणजे मातीतला पैलवान आणि कॉलेज स्टुडंट, दोन्ही एकाच वेळी.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीत गुणांची भानगड फारशी नसते. समोरच्याची पाठ मातीला लावली की चितपट, नाही लावता आली तर बरोबरीत सोडतात. सगळ्या गावासमोर निकाल लागतो. ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवरची. तिथे वेळ ठरलेली आणि पाठ लागली नाही तर पंच ठरवणार कोण जिंकलं ते. म्हणजे मातीत पैलवान समोरच्याशी लढतो, मॅटवर त्याला पंचांच्या डोळ्यांशीही लढावं लागतं.

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने तिथे त्यांना थोडंफार शिकवलं. तरीही फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले! परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षं तयारीला वाहिली. ५२ किलोचा गट सोडून ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये गेले.

आणि मग आला तो एक गुण.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या आधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे खाशाबांना विजेत्यापेक्षा फक्त एक गुण कमी मिळाला. तो मुद्दाम कमी दिला गेला असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळी व्हिडिओ नव्हता, रिप्ले नव्हता. पंचांनी लिहिलं ते लिहिलं. चार वर्षांची मेहनत आणि ऑलिम्पिकचं तिकीट एका आकड्यावर अडकलं. एका मार्काने केटी लागलेल्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याला पुढची सेमिस्टर असते, ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं.

यापुढे खाशाबांनी जे केलं ते मला त्यांच्या मेडलपेक्षाही मोठं वाटतं. आरडाओरडा नाही, पंचांच्या अंगावर धावून जाणं नाही, आणि नशीब म्हणून घरी बसणंही नाही. ते थेट पटियालाच्या महाराजांकडे गेले. महाराज यादवींद्रसिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. म्हणजे दार बरोबर निवडलं होतं! गोळेश्वरसारख्या खेड्यातल्या मुलाने पटियालाच्या राजापुढे उभं राहून माझा गुण चुकला म्हणायचं, याला काय छाती लागत असेल! महाराजांना त्यांचं म्हणणं पटलं आणि निवड चाचणीत खाशाबांना पुन्हा उतरवलं गेलं. या वेळी त्यांनी पंचांसाठी काही शिल्लकच ठेवलं नाही, प्रतिस्पर्ध्याला सरळ आडवा केला.

निवड झाली, पण पैसे कुठे होते? सरकारी मदतीसाठी अर्ज-विनंत्या झाल्या, त्यातून फार हाती लागलं नाही. गावकऱ्यांनी जमेल तेवढी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली सात हजार! आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य. मी ही गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये सांगितली तेव्हा मिनिटभर कोणी काही बोललंच नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पैलवानाला चीत केलं, जर्मनीच्या पैलवानाला गुणांवर हरवलं. त्या वेळची पद्धत आजच्यासारखी नव्हती. तेव्हा दंडाचे गुण मोजायचे. पाडून जिंकलात तर शून्य, गुणांवर जिंकलात तर एक, हरलात की जास्त, आणि पाच झाले की बाहेर. म्हणजे जितके कमी तितके चांगले. असं करत करत शेवटी तिघं उरले : जपानचा शोहाची इशिई, सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि आपले खाशाबा.

इशिईबरोबरची कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा ती गुणांवर हरले. हाच इशिई पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. युद्धानंतरचं जपानचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण, म्हणजे हरले ते काही साध्या माणसाकडून नाही. पण नंतरची हकीकत ऐकून आजही राग येतो. दमलेल्या खाशाबांना लगेच मामेदबेकोव्हसमोर उभं राहायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला मॅटशेजारी एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

मद्रासला गुण गेला तेव्हा दाद मागायला पटियाला तरी होतं. हेलसिंकीत पुस्तकात नियम होता, फक्त तो बोलून दाखवणारा माणूस नव्हता. आजच्या मॅट कुस्तीत चॅलेंज असतं. निर्णय पटला नाही की कोपऱ्यातला कोच मॅटवर एक मऊ ठोकळा फेकतो आणि पंचांना व्हिडिओ बघावा लागतो. चॅलेंज फुकट गेलं तर समोरच्याला एक गुण. पण त्यासाठीही कोपऱ्यात कोच बसलेला लागतो ना! त्या तीस मिनिटांत काय झालं असतं, रौप्य की सुवर्ण, यावर कुस्तीवाले अजून वाद घालतात. आजोबांच्या मते सुवर्ण, आणि त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. मला वाटतं इशिई फारच भारी होता, तेव्हा सुवर्णाचं सांगता येत नाही, पण रौप्याची कुस्ती तरी ताज्या दमाने व्हायला हवी होती.

२३ जुलै १९५२ला खाशाबांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक आलं १९९६ला, लिएंडर पेसचं टेनिसमधलं. मध्ये तब्बल ४४ वर्षं! आणि कुस्तीतलं पुढचं पदक तर थेट २००८ला, सुशीलकुमारचं. जाता जाता हेही सांगते, हेलसिंकीलाच खाशाबांचे सोबती केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले होते. त्यांचं नाव तर कोणीच घेत नाही.

गावाने मात्र हात आखडता घेतला नाही. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि थोड्याशा वाटेला कित्येक तास लागले. नंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या केल्या, आणि त्या पैशातून पहिल्यांदा खर्डेकर सरांचं देणं फेडलं. मेडलवर बसून राहिले नाहीत.

१९५५ला ते मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, पुढच्या मुलांना शिकवलं, सुमारे २७ वर्षं नोकरी केली आणि असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी पुन्हा खेटे घालणं आलंच. या वेळी तर कोणी पटियालाचे महाराजही नव्हते. १४ ऑगस्ट १९८४ला एका रस्ता अपघातात ते गेले.

अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा, म्हणजे जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. २०१०च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला के. डी. जाधव हे नाव दिलं गेलं. आणि १५ जानेवारी २०२३ला, त्यांच्या ९७व्या जयंतीला, गूगलने त्यांचं डूडल लावलं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी खाशाबांचं नाव पहिल्यांदा वाचलं ते तिथे.