लीड पेन्सिल ते टीव्हीची काच

कंपासपेटीतली लीड पेन्सिल आणि हॉलमधला एलसीडी टीव्ही यांचं काही नातं असेल असं वाटतं का? आहे! त्या नात्याचं नाव टोकुजी हायाकावा.

जन्म 1893, टोकियो. तान्हेपणीच दत्तक गेला आणि सावत्र आईच्या हाती लागला. मारहाण, उपासमार, शाळा दुसरीतच सुटली. शेजारच्या एका अंध बाईंनी हात धरून त्याला धातूकाम करणाऱ्या कारागिराकडे नेऊन सोडलं. (पुढे त्यांनी अंध कामगारांसाठी वेगळा कारखाना काढला, तो उगाच नाही.)

1912 मध्ये स्वतःचं वर्कशॉप. 1915 मध्ये शिसं फिरवून बाहेर काढायची धातूची पेन्सिल. तिचं नाव पुढे 'शार्प' पडलं. धंदा जोरात सुरू झाला आणि 1 सप्टेंबर 1923 ला भूकंपाने टोकियो हादरलं. कारखाना जळाला. पत्नी आणि दोन्ही मुलं गेली. वर डोक्यावर कर्ज. ते फेडायला हायाकावांनी पेन्सिलची पेटंट्सच ओसाकाच्या एका कंपनीला देऊन टाकली, आणि स्वतः त्याच कंपनीत पेन्सिल कशी बनवायची हे शिकवायला गेले. तिशीतल्या माणसाचं काय झालं असेल, विचार करा.

वर्षभरात ओसाकातच नवा कारखाना. 1925 मध्ये जपानी बनावटीचा पहिला क्रिस्टल रेडिओ, 1953 मध्ये टीव्ही. 1970 मध्ये कंपनीचंच नाव शार्प झालं. 1973 चा एलसीडी कॅल्क्युलेटर त्यांनी पाहिला. 1980 मध्ये ते गेले. दुसऱ्यांना नक्कल करावीशी वाटेल अशी वस्तू बनवा, हा त्यांचा आग्रह असायचा.

नक्कल झालीच, आणि मग स्पर्धाही. मोठ्या स्क्रीनचा कारखाना म्हणजे अब्जावधी येनचा खेळ. तो पूर्ण क्षमतेने चालला नाही तर मालक बुडालाच! म्हणून 2004 मध्ये सोनी आणि सॅमसंग हे कट्टर प्रतिस्पर्धी भागीदार झाले. 2008 मध्ये सोनीने शार्पशीही हातमिळवणी जाहीर केली. ओसाकाजवळच्या साकाई इथे सुमारे 2.88 बाय 3.13 मीटरच्या काचेतून पॅनेल कापायची. भागीदार म्हणजे हक्काचं गिऱ्हाईकही, हा हिशोब. सोनी 34 टक्क्यांपर्यंत जाणार होती, पण टीव्हीचे भाव कोसळले. सोनी जेमतेम 7 टक्क्यांवर थांबली आणि 2012 मध्ये बाहेर पडली. 2016 मध्ये खुद्द शार्प तैवानच्या फॉक्सकॉनकडे गेली. 2024 मध्ये साकाईत टीव्हीची पॅनेल बनणं थांबलं.

जपानमधली मुलं मात्र कुठल्याही कंपनीच्या लीड पेन्सिलला आजही 'शार्पेन'च म्हणतात.