हरमान फ्योटिंगर : शोध जहाजासाठी, कामाला आला ट्रकमध्ये

यूट्यूबवर अमेरिकन पिकअप ट्रकचे व्हिडिओ बघत असाल, तर एक गोष्ट कदाचित तुमच्या नजरेत आली असेल. मागे बोट किंवा मोठा ट्रेलर जोडला की ड्रायव्हर गिअरच्या दांडीवरचं एक छोटं बटण दाबतो आणि समोर ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो. ओ/डी म्हणजे ओव्हरड्राइव्ह, इंधन वाचवणारा गिअर. मग ओझं ओढताना नेमका तोच बंद का करायचा?

याचं उत्तर नुसत्या गिअरमध्ये नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक गोल डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. खरी गंमत तिथे आहे. आणि हा डबा ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या माणसाने तो ट्रकसाठी बनवलाच नव्हता!

न्यूरेंबर्गचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर

हरमान फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये झाला. म्युनिकमध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकून घेतलं आणि १८९९ मध्ये श्टेटिन शहरातल्या व्हल्कन या जहाज कारखान्यात नोकरी धरली. (श्टेटिन आज पोलंडमध्ये आहे.)

जहाजाचं इंजिन किती ताकद देतं, हे चालत्या जहाजात मोजणं तेव्हा कठीण होतं. फ्योटिंगर यांनी त्यासाठी एक उपकरण बनवलं. जोर लागला की फिरणाऱ्या लोखंडी शाफ्टला किंचित पीळ बसतो. तो पीळ मोजला की टॉर्क कळतो, आणि त्याला फिरण्याच्या वेगाची जोड दिली की ताकद कळते. याच विषयावर त्यांनी १९०४ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

प्रॉब्लेम काय होता?

त्या काळात जहाजांमध्ये स्टीम टर्बाइन नवीन आलं होतं. टर्बाइन जोरात फिरलं तरच चांगलं चालतं. पण जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो, नाहीतर पाण्यात बुडबुडे होऊन ताकद वाया जाते. म्हणजे मधे वेग कमी करणारं काहीतरी हवं. एवढी प्रचंड ताकद पेलतील असे गिअर बनवणं तेव्हा अवघड होतं.

विजेच्या माणसाला सुचेल तेच त्यांना आधी सुचलं : टर्बाइनने जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर मोटर चालवायची. पण हे प्रकरण जड आणि महाग होतं. मग विजेऐवजी पाणी वापरलं तर? पंप पाणी फेकेल आणि त्या पाण्यावर दुसरं चाक फिरेल.

यातही एक अडचण होती. समजा, पंप ८० टक्के कार्यक्षम आहे आणि दुसरं चाकही ८० टक्के. दोन्ही जोडल्यावर हाती उरतात फक्त ६४ टक्के. शिवाय पाइपमधून जाताना नुकसान होतं ते वेगळंच.

फ्योटिंगर यांनी पाइपच काढून टाकले! पंप आणि टर्बाइनची चाकं एकाच डब्यात समोरासमोर बसवली आणि पाणी त्यांच्यातच गोल फिरत ठेवलं. मधे एक स्थिर चाक बसवलं. परत येणारं पाणी ते योग्य दिशेला वळवतं, आणि त्यामुळेच टॉर्क वाढतो. आज आपण त्याला स्टेटर म्हणतो. १९०५ मध्ये त्यांनी या कल्पनेचं पेटंट घेतलं.

सोपं उदाहरण घ्या. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसऱ्याची पाती वाऱ्याने फिरायला लागतात. मधे दांडा नाही, दातेरी चाक नाही. हवेच्या जागी तेल आणि मधे दिशा वळवणारं स्टेटर ठेवलं की झाला टॉर्क कन्व्हर्टर.

समुद्रावर हार

१९१३ मध्ये ‘क्योनिगिन लुइजे’ हे प्रवासी जहाज फ्योटिंगर यांचं यंत्र घेऊन समुद्रात उतरलं. पण नशीब बघा. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, जहाजाला सुरुंग पेरायला पाठवलं गेलं आणि ५ ऑगस्ट १९१४ रोजी ते बुडालं.

पण यंत्राला मागे टाकलं ते युद्धाने नाही, गिअरने. इंग्लंडमध्ये पार्सन्स यांनी टर्बाइनला दातेरी गिअर जोडून दाखवले होते. त्यात ताकद फारच कमी वाया जायची. फ्योटिंगर यांच्या डब्यात मात्र दोन चाकांच्या वेगात नेहमी थोडा फरक राहतो. या घसरण्याला स्लिप म्हणतात, आणि त्यात गेलेली ताकद उष्णता बनून द्रवात उतरते. हा दोष आता लक्षात ठेवा, पुढे ट्रकमध्ये तोच भेटणार आहे.

फ्योटिंगर तोपर्यंत प्राध्यापक झाले होते, १९०९ पासून डान्झिगला आणि १९२४ पासून बर्लिनला. त्यांच्या नावावर १०० हून जास्त पेटंट्स जमा झाली. त्यांच्या हयातीतच ही कल्पना बस, रेल्वे इंजिन आणि कारपर्यंत पोचली. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल कारमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला. त्यात फ्योटिंगर यांच्याच कल्पनेचं साधं, स्टेटर नसलेलं रूप होतं. २८ एप्रिल १९४५ रोजी, बर्लिनची लढाई चालू असताना, तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. स्टेटरसकट पूर्ण टॉर्क कन्व्हर्टर असलेली ब्युइकची डायनाफ्लो आली १९४८ मध्ये. ती त्यांनी पाहिली नाही.

आता ओव्हरड्राइव्ह

टॉप गिअर १:१ असेल तर इंजिन जितकं फिरतं तितकाच मागचा शाफ्ट फिरतो. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरतो. जनरल मोटर्सच्या १९८२ च्या ७००आर४ गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर ०.७० होता. म्हणजे हायवेवर १:१ मध्ये इंजिन २,८०० आरपीएमला फिरत असेल, तर ओव्हरड्राइव्हमध्ये त्याच स्पीडला १,९६० आरपीएम पुरतात. इंधन वाचतं, आवाज कमी होतो.

स्लिपचं काय? त्यावर उपाय लॉक-अप क्लच. स्पीड स्थिर झाला की हा क्लच पंप आणि टर्बाइन एकमेकांना घट्ट पकडून ठेवतो. तेलाचं काम थांबतं, स्लिप शून्य! पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्येच हे कारमध्ये आणलं होतं.

ओझं ओढताना काय होतं?

ओव्हरड्राइव्हमध्ये आरपीएम कमी होतो, तसा चाकाला मिळणारा टॉर्कही १:१ च्या ७० टक्क्यांवर येतो. रिकाम्या ट्रकला तेवढा पुरतो. मागे ३ टनांचा ट्रेलर आणि समोर चढ असेल तर नाही पुरत. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, लॉक-अप सुटतो आणि स्लिप सुरू होते. तेल तापतं. गिअर खाली पडतो, स्पीड येतो, पुन्हा ओव्हरड्राइव्ह, पुन्हा खाली. हे सारखं होत राहिलं तर तेल जळतं, क्लच प्लेट्स खराब होतात आणि गिअरबॉक्स उघडायची वेळ येते.

म्हणून ते बटण. ओव्हरड्राइव्ह बंद केला की गाडी खालच्या गिअरमध्ये टिकून राहते, सारखी गिअर बदलत नाही आणि तेल कमी तापतं. उतारावर इंजिन ब्रेकिंगही चांगलं मिळतं. नवीन ट्रकमधला ‘टो/हॉल’ मोड साधारण हेच काम स्वतःहून करतो. सोबत गिअरबॉक्सचा वेगळा ऑइल कूलर असेल तर उत्तमच.

आणि रेसिंग?

ड्रॅग रेसमध्ये ४०० मीटर काही सेकंदांत संपतात, तिथे सहसा ओव्हरड्राइव्ह लागत नाही. उलट तिथे स्लिपच हवी असते! जागेवर उभं असतानाच इंजिनला वरच्या आरपीएमपर्यंत जाऊ देणारा कन्व्हर्टर बसवतात, म्हणजे सुटताना पूर्ण ताकद मिळते. ओव्हरड्राइव्ह उपयोगी पडतो घरी जाताना. मागच्या ॲक्सलचा रेशो ४.१० असेल तर ०.७० च्या गिअरमध्ये तो जवळपास २.८७ होतो आणि तीच गाडी हायवेवर शांतपणे चालते.

म्हणजे जहाजावर जो दोष ठरला, तोच रेसमध्ये गुण आहे आणि ट्रेलर ओढताना धोका. ‘ओ/डी ऑफ’ बटणाचं काम एवढंच : फ्योटिंगर यांच्या डब्यातलं तेल गरजेपेक्षा जास्त तापू द्यायचं नाही.