बटाट्यातही तोच श्वास : डॉ. कमला सोहोनी

श्वासातला प्राणवायू फुप्फुसांतून रक्तात जातो, पण त्याचे खरे काम पेशीच्या आत असते. दिघीच्या जेटीवर होडीतल्या मासळीच्या पाट्या हातोहात किनाऱ्यावर याव्यात, तसे अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी प्राणवायूपर्यंत पोहोचतात. याच प्रवासात शरीराला ऊर्जा मिळते. या रांगेतला एक हात म्हणजे ‘सायटोक्रोम सी’. त्यातला लोहाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. वनस्पतींच्या पेशींतही हाच दुवा काम करतो, हे बटाट्यावर संशोधन करून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाताईंचा जन्म १९११चा, इंदूरचा. माहेरचे आडनाव भागवत. विदुषी दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आलेल्या कमलाताईंनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एवढेच, की त्या स्त्री होत्या. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर वर्षभर काम पाहून मग निर्णय, अशा अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एमएस्सी मिळवली. त्यानंतर त्या संस्थेची दारे मुलींसाठी उघडली.

पुढे केंब्रिज. तिथेच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमची ओळख पटवली होती. कमलाताईंनी बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी शोधले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. माणूस आणि बटाटा यांच्या पेशींचे श्वसन एकाच नात्यातले आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

इलेक्ट्रॉन किती वेगाने पुढे जाईल, हे लोहाच्या भोवतालावरही अवलंबून असते. पाण्यात विरघळलेल्या धातूच्या संयुगाभोवती पाण्याचे रेणू कडे करतात. इलेक्ट्रॉन सरकताना त्यांना जागा बदलावी लागते. पाण्यात अल्कोहोल मिसळले, की हे कडे बदलते आणि वेगही. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून याचे गणित मांडले; १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सायटोक्रोम सीमधले लोह प्रथिनाच्या आतल्या, पाणी फारसे न शिरणाऱ्या कप्प्यात असते. त्यामुळे हलवाहलव कमी आणि देवाणघेवाण झटपट होते. ही रांग अडली तर काय होते, ते सायनाइडच्या विषबाधेत दिसते. सायनाइड रांगेतल्या शेवटच्या प्रथिनातील लोहाला चिकटते. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशी गुदमरते.

कमलाताई १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. कोकणाला परिचयाच्या नीरेचे पोषणमूल्य त्यांनी तपासले. कुपोषित मुले आणि गर्भवतींच्या आहारात तिचा उपयोग होतो, हे दाखवणाऱ्या या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अन्नातली भेसळ ओळखण्याचे सोपे मार्गही त्यांनी ग्राहक चळवळीतून गृहिणींपर्यंत नेले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पेशीतल्या अदृश्य लोहापासून घरातल्या ताटापर्यंत, त्यांचे विज्ञान सतत माणसाच्या अन्नाशी जोडलेले राहिले. ज्या दारातून त्यांना परत पाठवले जात होते, त्यातून पुढे कितीतरी मुली आत गेल्या, हेही त्यांचेच काम.