अविचल साधक : मायकेल फॅरडे

लंडन शहरालगत न्यूइंग्टन बट्स नावाची वस्ती होती. तेथे २२ सप्टेंबर १७९१ रोजी एका गरीब लोहाराच्या घरी मायकेल फॅरडेचा जन्म झाला. वडिलांची प्रकृती तोळामासा, मिळकत तुटपुंजी. लिहिणे, वाचणे व थोडेसे हिशेब एवढ्यावरच मायकेलचे शिक्षण संपले. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून कामास लागला व पुढच्याच वर्षी तेथे पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो हौसेने वाचून काढी. त्यांतूनच त्याला विजेविषयी गोडी लागली.

सन १८१२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकण्याची संधी त्यास लाभली. ऐकलेले सर्व त्याने सुवाच्य अक्षरात लिहून काढले, आकृत्या काढल्या आणि त्याची सुबक बांधणी करून ते पुस्तक डेव्हीकडे धाडले. पुढे मार्च १८१३ मध्ये डेव्हीने त्याला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस नेमले. जवळजवळ अर्धशतक त्याने तेथेच काम केले.

चुंबकापासून वीज उत्पन्न करता येईल, असे त्याला वाटत होते. सन १८२४ पासून त्याने तसे प्रयोग अधूनमधून करून पाहिले. परंतु दर वेळी अपयशच पदरी आले. तरी तो हताश झाला नाही. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात वीज सोडताच दुसऱ्याजवळची सुई हलली व पुन्हा स्थिर झाली. वीज बंद करताच ती पुन्हा हलली. चुंबकाचा जोर बदलत असतो तेवढ्याच क्षणी तारेत वीज उत्पन्न होते, हे त्याने ओळखले. आजची विद्युत्-जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

या सुमारास फॅरडेपुढे एक निवड उभी राहिली. कारखानदार व व्यापारी यांना रासायनिक बाबतीत सल्ला देऊन त्याला सन १८३१ मध्ये हजार पौंडांहून अधिक मिळकत झाली होती. संस्थेकडून मिळणारे वार्षिक वेतन मात्र १०० पौंड, शिवाय राहावयास जागा, कोळसा व दिवाबत्ती एवढेच होते. सल्ल्याचा धंदा वाढविला असता तर तो धनाढ्य झाला असता. परंतु मग संशोधनास वेळ उरला नसता. फॅरडेने धंदा आवरता घेतला. पुढील वर्षी ही मिळकत दीडशे पौंडांच्या आसपास आली आणि काही वर्षांनी तीही थांबली. तो संन्यासी नव्हता. निर्वाहापुरते सरकारी निवृत्तिवेतन त्याने पुढे स्वीकारले. परंतु पुरेसे कशास म्हणावे, हे त्याने स्वतःपुरते ठरवून टाकले होते.

त्याची कामाची शिस्तही अशीच एकसारखी होती. सन १८३२ पासून तो प्रयोगांच्या नोंदींना ओळीने क्रमांक देऊ लागला. कार्य संपले तेव्हा हा क्रमांक १६,००० च्या पुढे गेला होता. यशस्वी प्रयोगाइतकीच फसलेल्या प्रयोगाची नोंदही तो काळजीपूर्वक करी.

सन १८४० च्या सुमारास अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली. घेरी येई, स्मरणशक्ती दगा देई. तेव्हा त्याने प्रयोग बाजूस ठेवले व स्वित्झर्लंडच्या डोंगरांत तो विश्रांतीसाठी जाऊन राहिला. प्रकृती सावरल्यावर तो हळूहळू कामाकडे वळला. अनेक वर्षांपूर्वी दुर्बिणीसाठी उत्तम काच बनविण्याच्या खटपटीत त्याने पुष्कळ श्रम घेतले होते. त्यांचे फारसे चीज झाले नव्हते. त्याच जड काचेचा एक तुकडा घेऊन सप्टेंबर १८४५ मध्ये त्याने चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे सिद्ध केले. वाया गेलेले वाटणारे श्रम असे फळास आले.

मानसन्मान चालून आले, तेव्हाही त्याचे चित्त ढळले नाही. त्याने सरदारकी नाकारली. रॉयल सोसायटी या विद्वत्सभेचे अध्यक्षपदही त्याने दोनदा विनयाने नाकारले. त्याला उच्च गणित येत नव्हते. परंतु त्याची त्यास लाज वाटली नाही. आपण हाताने प्रयोग करतो व डोळ्यांनी पाहतो, ते खरे आहे, असा त्याचा विश्वास होता. त्याच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल याने दिले. याउलट नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने द्यावयास तो सदैव उत्सुक असे. अशा १९ व्याख्यानमाला त्याने दिल्या. साधी मेणबत्ती हा त्याचा एक आवडता विषय होता.

मार्च १८६२ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने ज्योतीच्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो काय, हे पुन्हा तपासून पाहिले. काहीही दिसले नाही. तशी नोंद करून त्याने वही मिटली. सन १८९६ मध्ये झेमन या डच शास्त्रज्ञाने अधिक सूक्ष्म उपकरणे वापरून तो परिणाम शोधून काढला. फॅरडेची शंका बरोबर होती; अपुरी होती ती साधने.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरडेचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे हायगेटच्या दफनभूमीत कोणताही थाटमाट न करता त्याचा अंत्यविधी झाला. धनाच्या व पदाच्या मागे तो धावला नाही. हाती घेतलेले काम रोज तेवढ्याच निष्ठेने करीत राहिला आणि त्यातच त्याने समाधान मानले. आज घरोघरी उजळणारे विजेचे दिवे हेच त्याचे खरे स्मारक होय.